अस्वलाची बायको माहेरी गेली

नागपूरच्या तांडापेठेत मारोतराव धकात्यांच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून दोन हात दूर, भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. एक रांग दूधवाल्याची. ती दर महिन्याला ओल्या फडक्यानं पुसली जायची. दुसरी रांग जावयाची, आणि ती सात महिने पुसली गेली नव्हती. तिच्या वरच्या ओळीत जावई भैयाजी पौनीकर आपल्या लेकीला पाहायला किती वेळा आले त्याच्या रेघा होत्या: चार. खालची ओळ त्यांनी लेकीला किती वेळा उचलून घेतलं त्याची. तिथं भिंत कोरी होती.

हा हिशेब सासूबाईंचा, पार्वतीबाईंचा. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं; पण म्हणून आजवर त्यांच्या नजरेतून कुणी सुटलं होतं असं नाही.

भैयाजी माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, पान खायचे तेही जेवणानंतर एकच. सरकारच्या एका प्रचार खात्याची सिनेमागाडी होती, तिच्यावर ते निवेदक होते. गावोगाव, मोहल्ल्यामोहल्ल्यात पडदा लावायचा आणि खात्याकडून येईल तो सिनेमा लोकांना फुकटात दाखवायचा. बहुतेक सिनेमे इंग्रजीत बोलत, नाहीतर दिल्लीच्या हिंदीत. म्हणून गाडीचा ड्रायव्हर नत्थू, जो मशीनही चालवायचा, तो आवाजाचं बटण बारीक करी, आणि भैयाजी माइक तोंडाशी धरून पडद्यावरचं मराठीत सांगत. माइकवर त्यांचं मराठी पुण्याला जाऊन यायचं. माइक खाली ठेवला की परत नागपूरचं. सावनेरला त्यांनी कपाशीच्या बोंडअळीचा शेवट असा रंगवला की दोन म्हाताऱ्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि तोही कपाशीसाठी नव्हे, अळीसाठी.

नेमकं त्याच दिवशी तांडापेठेत त्यांच्या लेकीचं बारसं होतं. नाव प्रेमिला ठेवलं हे भैयाजींना पोस्टकार्डानं कळलं.

तर करामत होती ती तोंडाची. हाताचं म्हणाल, तर दवाखान्यात नर्सनं पहिल्याच दिवशी पोर पुढे करून बजावलं, "मान सांभाळा हो," आणि त्या क्षणापासून भैयाजींची खात्री झाली की ही मान निखळणार, आणि ती आपल्याच हातात निखळणार. चारही भेटींत ते खुर्चीवर बसले, चहा प्याले, "बाळसं चांगलं धरलं," असं दुरून म्हणाले, आणि कुणी पोर पुढे केलं की, "राहू द्या, झोपू द्या तिले," म्हणत उठले. पोर तेव्हा टक्क जागं असायचं.

धकात्यांच्या घरचा रिवाज असा, की पहिलटकरीण लेक बाळाला घेऊन सासरी जायची ती विषम महिन्यात. तिसऱ्यात पोरीला खोकला झाला, राहिलं. पाचव्यात भैयाजी सायकलरिक्षा घेऊन आले. ट्रंक चढली, पुष्पलता दाराशी आली, आणि तिनं नवऱ्याला म्हटलं, "धरा जरा, मी चढते." भैयाजी म्हणाले, "तू आधी चढ, मग कोणीतरी देईल." पुष्पलता पोर काखेत घेऊन एका हातानं चढायला लागली. मारोतराव ओसरीवरून बघत होते. पन्नास वर्षं हातमागावर बसलेला माणूस, बोलणं मोजकं. ते उठले, ट्रंक रिक्षातून उतरवली आणि परत ओसरीवर ठेवली.

"जावईबापू, ज्याले धोटा धरता येत नाही त्याले मी मागावर बसू देत नाही. हे तं पोट्टी आहे."

पुष्पलता भांडली नाही. ती मॅट्रिक झालेली, इंग्रजीत एकसष्ट मार्क, भांडणाला कमी आणि प्रश्नाला जास्त. तिनं एकच प्रश्न विचारला, "अजनीच्या घरी सासूबाई नाही, नणंद नाही. तुम्ही महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. उरलेल्या दहा दिवसांत मी आंघोळ करेपर्यंत कोणी पोट्टी धरीन का, तेवढं सांगा." भैयाजींनी यावर सात-आठ मिनिटं उत्तर दिलं. उत्तर फार चांगलं होतं, पण त्यात 'हो' नव्हतं.

आता त्र्याहत्तरचा मे महिना चालू होता आणि पोरीचा सातवा येत्या शुक्रवारी संपत होता. नववा महिना आखाडात येत होता, आणि आखाडात लेक सासरी धाडायची नाही हे सगळ्या तांडापेठेला पाठ होतं. अकराव्याचं अकराव्यात बघू, असं पार्वतीबाई म्हणाल्या होत्या, त्या म्हणण्याच्या सुरावरून भैयाजींना पोरीचं लग्नच तांडापेठेतून लागताना दिसू लागलं.

आणि त्या मंगळवारी गाडीचा कार्यक्रम नेमका तांडापेठेत लागला.

दाखवायचा होता सुधारित बियाण्यांचा सिनेमा. तो दुपारी तपासताना मशीनमध्ये तीन ठिकाणी तुटला. कचेरीतले वामनराव, ज्यांच्या ताब्यात सिनेमांचं कपाट होतं, त्यांनी वरच्या फळीवरून दोन डबे काढून फुंकर मारली. कुठल्याशा थंड देशानं भेट दिलेला सिनेमा. पृथ्वीच्या उत्तर टोकाला, बर्फात, जनावरं आपली पिल्लं कशी वाढवतात त्याचा. वामनरावांनी रजिस्टरात तो 'पशुसंवर्धन' या सदराखाली चढवला होता, आणि ते चुकलं असं कुणाला म्हणता येणार नाही.

"पौनीकर, बोलायचं तुम्हाले आहे. बर्फ काय अन् बियाणं काय!"

भैयाजींनी खिडक्या लावून पहिला डबा पाहिला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, पडद्यावर बर्फच बर्फ. त्या बर्फातल्या एका बिळातून पांढरी अस्वलीण बाहेर आली, मागून दोन पिल्लं. ती त्यांना चाटते, पाठीवर घेते, वाऱ्याच्या आड स्वतः बसते. डब्याबरोबर इंग्रजी छापील कागद होता. भैयाजींना इंग्रजी यायचं, पण चालत नव्हे, रांगत. ते दुसऱ्या परिच्छेदापर्यंत रांगत गेले आणि घामानं डबडबले.

"नत्थू, अस्वलीण एकटीच पोरं वाढवून राहिली."

"मंग बाप?"

"बाप दौऱ्यावर. अन् घरी आलाच तं पिल्लं खाऊन टाकते म्हणे."

"आपलेच?"

"कागदावर तसं लिहिलं आहे."

नत्थूनं विडी विझवली. "मंग तं तुमच्याहूनही वाईट निघाला तो."

"हे मी मामाजीच्या समोर सांगू? सगळा मोहल्ला माह्याकडे पाहीन!"

नत्थूला चार पोरं, तीन जावई आणि प्रत्येक संकटावर एक तोडगा होता. "मंग सांगू नका. तांडापेठेत कोणाले समजते का अस्वल बाई आहे का बुवा? त्याले काय मिशा रायतात? सांगून टाका, हा बाप आहे म्हणून."

भैयाजींनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण त्या तोंडाला नाही म्हणायची सवय नव्हती. दुसरा डबा पाहायला वेळ उरला नाही, गाडी निघाली.

हातमाग सोसायटीपुढच्या पटांगणात दोन बांबूंना पडदा बांधला. उजवीकडे पुरुष, डावीकडे बाया, मधून जायला वाट, आणि वाटेच्या तोंडाशी मशीनचं टेबल. बर्फगोळेवाला न बोलावता आला होता. दिवसभर तापलेली जमीन अजून चटके देत होती, म्हणून बायांनी सतरंज्या भिजवून आणल्या होत्या. मारोतरावांना पहिल्या रांगेत खुर्ची. पार्वतीबाई डावीकडे, त्यांच्या बाजूला पुष्पलता, मांडीवर प्रेमिला. आणि मागच्याच रांगेत पंचफुला. ही बाई दिवसभर धकात्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, हाताइतकीच जीभ फिरायची, आणि हातात कधीमधी धागा तुटे तसा जिभेत तुटत नसे.

"आज जावई कायचा पिच्चर दाखवून राहिला वं?" तिनं विचारलं.

"जनावराचा," पुष्पलता म्हणाली.

"बरं झालं. अळीपेक्षा मोठ्ठं काहीतरी."

नत्थूनं मशीन लावलं. पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला, कारण तो बर्फ होता. पटांगणातून एक लांब "हाऽऽ" निघाला. कुणीतरी ओरडलं, "बर्फवाल्या, पाह्य, तुह्या सासऱ्याची जायदाद!" बर्फगोळेवाल्याकडे एकदम वीस जण उठून गेले.

"बंधू-भगिनींनो," भैयाजींचा पुणेरी आवाज भोंग्यातून निघाला, "हा पृथ्वीचा उत्तरेकडचा शेवट. इथे झाड नाही, शेत नाही, सहा महिने सूर्य नाही. अशा या निष्ठुर प्रदेशात, पाहा, बिळातून कोण बाहेर येत आहे? हा आहे... बाप."

अस्वलीण बाहेर आली. मागून दोन पिल्लं धडपडत आली, एक घसरून उलटं झालं. बाया हसल्या. अस्वलिणीनं त्याला तोंडानं उचलून सरळ केलं.

"पाहिलंत? बापाचं काळीज! मान कशी अलगद धरली! या बापाला कुणी शिकवलं नाही. वेळ आली की बापाला सगळं येतं."

मारोतराव खुर्चीत जरा पुढे सरकले. पार्वतीबाई म्हणाल्या, "चांगलं आहे वं अस्वल." भैयाजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इथंच थांबायचं होतं. पण माइक हातात असताना ते कधी कुठं थांबले होते?

अस्वलीण पिल्लांना पोटाशी घेऊन वाऱ्याकडे पाठ करून बसली. वादळ सुटलं होतं.

"रात्रंदिवस हा एकटा बाप. ना झोप, ना जेवण. तुम्ही विचाराल, या पिल्लांची आई कुठे आहे?" आवाज हळू झाला, जड झाला. "आई माहेरी गेली आहे. सात महिने झाले. बाप रोज वाटेकडे डोळे लावून बसतो. पण तिचे आईवडील तिला पाठवत नाहीत."

मग पुरुषांकडून एक हसू फुटलं, आणि पाच-पंचवीस डोकी एकदम डावीकडे, पुष्पलतेकडे वळली. पुष्पलतेनं पदर सारखा केला आणि पडद्याकडे नीट पाहू लागली, जसं गणिताचं उत्तर पाठीमागच्या पानाशी ताडून पाहावं. मारोतरावांची मान ताठ झाली.

"काहून पाठवत नाही गा?" पुरुषांतून कुणीतरी मुद्दाम विचारलं.

"ते अस्वलांनाच ठाऊक," भैयाजी म्हणाले, आणि टाळी पडली. त्यांनी पडद्याकडे वळून पाहिलं. टाळीच्या नादात ते विसरले होते की दुपारी या जागी पुढं काय होतं.

अस्वलीण बर्फावर मागे रेलून आरामात बसली, पाठ टेकवून, बाळंतीण बसते तशी. दोन्ही पिल्लं पोटावर चढली. एकानं इकडून, एकानं तिकडून तोंड लावलं. आणि पडदाभर, स्पष्ट, काही शंका न ठेवता, ती चुटुचुटु प्यायला लागली.

क्षणभर फक्त मशीनची टरटर ऐकू आली.

"अवं बाई!" पंचफुलेचा आवाज भोंग्यापेक्षा मोठा निघाला. "बाप तं दूध पाजून राहिला!"

पटांगण फुटलं. बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. पुरुष मांड्या बडवू लागले. बर्फगोळेवाल्याच्या हातून गोळा पडला. भैयाजींचं पुण्याचं मराठी स्टेशनवरच राहिलं.

"ते... तसं नाही ना! ते मावशी आहे! मावशी आली आहे!"

"मावशी केव्हा आली गा? कोनत्या गाडीनं?"

"अन् बाप कुठं गेला मंग?" दुसरी.

"बाप तो माइक धरून उभा आहे," तिसरी, आणि यावर जे हसू उठलं ते वस्तीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं असेल.

नत्थूनं शहाणपणा केला. डबा अजून दोन मिनिटं बाकी होता तरी मशीन बंद केलं, टेबलावरचा बल्ब लावला आणि ओरडला, "डबा बदलून राहिलो! बसून राहा!"

बल्बच्या उजेडात मारोतराव खुर्चीतून वळले. त्यांनी जावयाकडे पाहिलं, जसं सोसायटीत आलेलं साधं सूत रेशीम म्हणून कुणी पुढे केलं की पाहत. काही बोलले नाहीत. भैयाजींनी मनातल्या मनात शुक्रवार खोडून टाकला, आखाड खोडला, दिवाळी खोडली. आजवर लोक त्यांना पोर न उचलता येणारा बाप समजत होते. आता न उचलता येणारा आणि वर खोटं बोलणारा.

तेवढ्यात मधल्या वाटेनं पुष्पलता आली. पोरगी काखेत. तिच्यामागे पटांगणाची दीड-दोनशे डोकी वळत आली.

"कागद असतो ना यासंगं? इंग्रजी?"

"आहे."

"द्या."

भैयाजींनी खिशातून कागद काढला. आठ घड्यांचा, घामानं चिकटलेला. एका हातानं तो तिला उलगडेना. पुष्पलतेनं पोरगी नवऱ्याच्या छातीशी टेकवली, "धरा," म्हणाली, आणि सोडली.

सात महिने सगळे त्यांना विचारत आले होते: घेता का, घ्याल का, घेऊन तं पाहा. आज कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तोंडानं उत्तर दिलं असतं. विचारलं नाही म्हणून हातांनी दिलं. एका हातात माइक, दुसरा हात पोरीखाली. भैयाजी श्वास रोखून उभे राहिले. मान निखळली नाही. उलट ती मान वळली, बापाकडे नीट बघून झालं, आणि प्रेमिलानं माइकची जाळी तोंडात घातली. भोंग्यातून सगळ्या तांडापेठेला लुचण्याचा आवाज ऐकू गेला.

"दूध येते का वं त्यातून?" पंचफुला म्हणाली.

पुष्पलता बल्बखाली कागद वाचत होती. ओठ हलत होते. पहिलं पान झालं तेव्हा तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. खाऊन टाकतो, तो भाग असावा. मग उलटून दुसरं पान.

"लाव गा नत्थूभाऊ," ती म्हणाली. ती परत गेली नाही. टेबलाशीच उभी राहिली. पोरगी परत मागितली नाही.

दुसरा डबा सुरू झाला. आधी रानगव्यासारखी केसाळ जनावरं आली. लांडगे पाहून त्यांनी गोल रिंगण केलं, शिंगं बाहेर, पिल्लं मधात. भैयाजींनी आता धसका घेतला होता. ते फक्त म्हणाले, "जनावरं. पिल्लं मधात ठेवली आहेत." एवढंच. मारोतरावांनी मात्र मान हलवली. रिंगण त्यांना पटलं.

मग बर्फ वितळून झालेलं डबकं, काठाला गवत, आणि गवतात तळहाताएवढा एक मळकट पक्षी अंड्यांवर बसलेला. पाण्यात दुसरा पक्षी पोहत होता, तांबडाभडक, गोल गोल गिरक्या घेत. भैयाजींना वाटलं, ही अंड्यावरची आई. उघडच आहे. ते तोंड उघडणार तोच पुष्पलता कानाशी म्हणाली, "तो बाप आहे."

"कोणता?"

"अंड्यावर बसला तो. नटलेली दिसते ती आई."

"थट्टा करून राहिली का?"

"कागदावर आहे."

भैयाजींना घाम फुटला. मघाशी खोटं किती सहज निघालं होतं. आता खरं सांगायचं तर जीभ उचलेना.

"हा... अंड्यावर बसला आहे, तो बाप आहे."

पटांगणाचा विश्वास बसायला अर्धा क्षण लागला, म्हणजे ते पुन्हा थापा मारून राहिले यावर. मग शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा.

"याले बी दूध येईन आता!"

"मावशीले बोलवा गा, मावशीले!"

"खरंच बाप आहे!" भैयाजी काकुळतीला आले. "देवाशप्पथ! अंडी तोच उबवते, पिल्लं तोच सांभाळते!"

"हो ना, अन् अंडी बी तोच देते!"

त्याच वेळी भैयाजींच्या शर्टातून काहीतरी कोमट, मग पँटीत, मग चपलेत उतरलं. त्यांनी खाली पाहिलं. प्रेमिला समाधानानं त्यांच्याकडे बघत होती. नत्थू किंचाळला, "माइक वर धरा! माइक! वायर ओली झाली तं तिघंही चिपकान!" भैयाजींनी माइकचा हात आकाशात उंच केला आणि पोरीचा हात आणखी घट्ट केला. पोर खाली ठेवायचं त्यांच्या मनात आलं नाही, हे नंतर त्यांच्याच लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःचा जरा धाक वाटला.

पुष्पलतेनं उंचावलेल्या हातातून माइक काढून घेतला. तिनं आयुष्यात माइकवर बोललेलं नव्हतं. कागद बल्बखाली धरला आणि शाळेत धडा वाचावा तशा आवाजात म्हणाली, "हे खरं आहे. छापलं आहे इथं. या पक्ष्यात आई अंडी घालते अन् उडून जाते. अंड्यावर बाप बसते. पिल्लं बाप वाढवते. पहिल्या डब्यातलं अस्वल आई होती. ते चुकून सांगितलं. हे चुकून नाही."

पुरुषांकडचा आवाज एकदम मेला. बायांकडे मात्र काहीतरी सुरू झालं, आधी कुजबुज, मग खसखस, मग एक मोठी लाट.

"कुठं आहे वं ते गाव?" पंचफुला उभीच राहिली. "तिकिटाचं तं विचार!"

पडद्यावर अंडी फुटली. चार पिल्लं, कापसाच्या बोंडाएवढी, काड्यांसारख्या पायांवर धावत सुटली. मळकट बाप त्यांच्यामागे या टोकाहून त्या टोकाला, आणि टेबलाशी ओला शर्ट चिकटलेले भैयाजी त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होते. या पक्ष्याला मान सांभाळायला कुणी सांगितलं असेल का? माइक परत दिला तरी ते काही बोलले नाहीत. त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच एखादा सिनेमा नुसता पडद्यावर चालला, कुणी न सांगता, आणि लोकांना सगळं समजलं.

सिनेमा संपला. मारोतराव उठून टेबलाशी आले. त्यांनी जावयाच्या शर्टाचं टोक चिमटीत धरून पाहिलं, कापड पारखायची सवय, आणि ओलं लागताच बोटं धोतराला पुसली.

"पोट्टीले द्या इकडं, जावईबापू. शर्ट बदला. माहा देतो."

"राहू द्या, मामाजी," भैयाजी म्हणाले. "झोपली आहे."

सगळ्यांनी पाहिलं. या वेळी खरंच झोपली होती.

"अस्वलाच्या सासऱ्याले नावं ठेवली तुम्ही," मारोतराव म्हणाले. "माइकवर."

"चुकलं, मामाजी."

"त्याचीही काही बाजू असंल." मग पाठ वळवून घराकडे चालत, जणू रस्त्याशीच बोलावं तसं, "गुरुवार चांगला आहे. अकराच्या आत या. नंतर ऊन लागते पोट्टीले."

त्या रात्री पार्वतीबाईंनी भिंतीपाशी जाऊन खालच्या ओळीत एक रेघ ओढली. घरात यावर थोडा वाद झाला. पंचफुलेचं म्हणणं, पोर त्यांनी उचललं नाही, त्यांच्या अंगावर टाकलं. ही अर्धीच रेघ धरा. पार्वतीबाई म्हणाल्या, मुतली म्हणजे पुरी.

गुरुवारी दहालाच सायकलरिक्षा आली. ट्रंक चढली. पुष्पलता दाराशी थबकली. भैयाजी आधीच हात पुढे करून उभे होते, कोपरं बाहेर काढून, चालत्या गाडीतून सिनेमाचं मशीन उतरवून घेतात तसे. पण उभे होते. ती चढली, आणि मग ते पोर तिच्याकडे न देता स्वतःच मांडीवर घेऊन बसले. रिक्षा निघाली. पंचफुला मागून ओरडली, "मावशीले नमस्कार सांगा!"

गोळीबार चौक मागे पडला तसे भैयाजी मोकळे झाले, आणि मोकळे झाले की त्यांचं तोंड चालू होई.

"काही म्हण, तो पक्षी मले पटला. बापानं वाढवायची पोरं, त्यात काय एवढं! मी तं खात्याले लिहिणार आहे, हा सिनेमा कुहीले दाखवा, खापरखेड्याच्या कॉलनीत दाखवा. सगळ्या बापांनी पाहावा." त्यांनी पोरीचं टोपडं सारखं केलं. "एक मातर समजलं नाही. ते आई अंडी घालून उडून जाते, ते जाते कुठं? माहेरी?"

"कागदावर आहे ना," पुष्पलता म्हणाली.

"काय आहे?"

पुष्पलतेनं रिक्षाच्या टपाखालून बाहेर बघितलं. ऊन चढत होतं.

"दुसऱ्या डबक्यावर जाते. तिथं दुसरा नवरा करते अन् त्याले अंडी सोपवते. तेवढं मी माइकवर सांगितलं नाही."

भैयाजी गप्प बसले. अजनीपर्यंत गप्प बसले. फक्त मधूनमधून, रिक्षाला धक्का बसला की, पोरीच्या मानेखालचा हात आणखी नीट करत होते.